शब्द उभा कर, ऍलन

शब्द ऍलनच्या तोंडून सुटला तेव्हा सॅलीचे दोन्ही हात मनगटापर्यंत पोह्यांत होते. धुऊन निथळलेल्या पोह्यांत खोबरं, पिठीसाखर आणि वेलची-जायफळ कालवायचं काम ती कुणाच्या हाती देत नसे. मलिदा म्हणजे नवस फेडायचं ताट, त्याचे पोहे मोकळे राहायला हवेत. त्यांचा लगदा झाला तर ज्याच्या नावाने मलिदा करायचा तो ज्यूंचा प्रेषित एलियाहू हन्नाबी काही बोलणार नाही, पण बायका बोलतील, आणि लंडनमध्ये हाउन्सलोपासून वेम्ब्लीपर्यंत वर्षभर बोलत राहतील.

"धिस इज प्रॉफ्लिगेट, मम," ऍलन म्हणाला. "रिअली. प्रॉफ्लिगेट."

तो नुकताच नॉटिंगहॅमहून गाडी चालवत आला होता आणि त्याने अजून कोटही उतरवला नव्हता. डायनिंग टेबलापाशी उभा राहून तो हापूसच्या पेट्यांकडे बघत होता. पेट्यांच्या बाजूला खजूर, केळी, सफरचंदं, संत्री. खिडकीत बादलीभर गुलाब. गॅसवर नारळाच्या रसातली कोंबडी रटरटत होती आणि मागच्या शेगडीवर सांदणं वाफेला लागली होती. सॅलीचा हा एकुलता एक मुलगा कुठल्याशा मोठ्या कंपनीत फायनान्स डायरेक्टर होता, आणि घरातल्या पैशालाही तो रिसोर्सेस म्हणायचा.

"म्हणजे काय रे?" सॅलीने विचारलं.

ती चिडली नव्हती, तिला खरंच ठाऊक नव्हतं. विमानतळावरच्या किचनमध्ये प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. सुपरवायझरला झापण्यापुरतं इंग्रजी तिथे भरपूर मिळालं, पण हा शब्द कधी तिच्या ट्रेवर आला नव्हता.

"लीव्ह इट," ऍलन म्हणाला. मग त्याने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ज्यासाठी आला होता ते बोलून टाकलं. "मी डिसाइड केलं आहे, मम. हा घर विकायचा. माझ्या घरामागे ऍनेक्स रेडी आहे, सेपरेट खोली, तू तिकडे ये. आणि तुझा बँक कार्ड मी ठेवतो. तुला पाहिजे ते मी देईन."

"हे आज बोलायचं? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच. एकटी असली की तू विषय बदलते."

ते खोटं नव्हतं. ईस्टरपासून तीन फोनवर तिने त्याला बोलूच दिलं नव्हतं. पण आज मलिदा होता. अयेलेत, ऍलनची लेक, ग्लासगोहून डॉक्टर होऊन आली होती आणि तिच्यासाठी बोललेला नवस आज फेडायचा होता. अशा दिवशी मुलगा आईचं घर विकायला काढतो, हे सॅलीच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. तिने नातीकडे पाहिलं. अयेलेत गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करत बसली होती. तिने मान वर केली नाही, आणि सॅलीला कळायचं ते कळलं.

"तुला माहीत होतं गं?"

"आजी, डॅड वरीड आहे. फेब्रुवारीत तू जिन्यावरून पडली..."

"घसरले. पडले नाही."

"घसरली. आणि फोन वरच्या खोलीत होता. त्या दिवशी तू एकटी होती."

ऍलनचं तिला एवढं वाटलं नसतं. त्याचा स्वभावच आवराआवर करण्याचा. पण ही पोर तिच्या कुशीत झोपून मराठी शिकली होती, आणि तीही ठरवाठरवीत सामील होती. हे तिला फार लागलं.

दाराजवळच्या खुर्चीत सोलोमन बसला होता. सॅलीचा दीर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. प्रार्थना तोच म्हणायचा, म्हणून तासभर आधी येऊन घसा साफ करत होता. सॅलीने आशेने त्याच्याकडे बघितलं.

"वहिनी, पोरगा अगदीच चुकीचं बोलत नाहीये," सोलोमन म्हणाला. "एक ताट पोहे, पाच फळं, प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा. आपल्या वाडवडिलांनी एवढंच केलं. तुम्ही इथे मंडई मांडलीय."

झालं. दीर, मुलगा, नात, तिघं एकीकडे. राहिली आसावरी, ती संत्री सोलत होती. नागपूरची मुलगी, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, इथून तीन गल्ल्यांवर राहणारी. घरच्यांच्या भांडणात परक्याने पडू नये एवढं तिला समजत होतं, म्हणून ती एकच संत्रं मघापासून सोलत होती.

डोक्यावरून विमान गेलं. या घरात विमान गेलं की सगळे बोलायचे थांबत. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत तोंडांना सवय झाली होती. त्या गडगडाटात सॅलीने नळाखाली हात धुतले आणि पुसले. आपण आत्ता गप्प बसलो तर पुढचा मलिदा कुणाच्या तरी ऍनेक्समध्ये, मायक्रोवेव्हच्या बाजूला, बशीभर पोह्यांचा होणार, हे तिला स्पष्ट दिसलं. विमान गेल्यावर ती म्हणाली,

"शब्द उभा कर, ऍलन."

ऍलनच्या हातातली गाडीची चावी टेबलावर पडली. "मम, प्लीज."

"प्लीज नाही. पपांची रीत आहे. शब्द टाकलास ना माझ्यावर? मग उभा कर."

सोलोमन खुर्चीत सरसावून बसला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली, कारण ही रीत त्याने गेली कित्येक वर्षं पाहिली नव्हती.

ही रीत सॅलीच्या नवऱ्याची, रूबेन झिराडकरची. मुंबईत भायखळ्याच्या एका शाळेत तो इंग्रजी शिकवायचा. वर्गात कुणी जड शब्द फेकला की त्याला पायांवर उभं करायचा. आधी त्या मुलाने अर्थ आपल्या मायबोलीत सांगायचा आणि मग त्या शब्दाचं एक वाक्य करायचं. वाक्य खरं पाहिजे, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांनी ते मान्य केलं पाहिजे. वाक्य खोटं निघालं तर शब्द परत घ्यायचा. खोट्या वाक्यात शब्द बसवणाऱ्याला त्याचा अर्थ कळलेलाच नसतो, असं रूबेनचं म्हणणं होतं. इथे आल्यावर कुणी त्याला वर्ग दिला नाही. त्याने आयुष्यभर पोस्टात टपाल निवडलं, आणि वर्ग भरला तो या डायनिंग टेबलावर. नऊ वर्षांचा असताना ऍलन एकदा सोलोमनला गॅर्युलस म्हणाला होता. रूबेनने त्याला लगेच उभा केला. ऍलनने अर्थ सांगितला, बडबड्या, आणि वाक्यासाठी थोडं थांबू द्या म्हणाला. तोवर सोलोमन आपण बडबडे कसे नाही हे सांगायला लागला, आणि भात संपला, फळं संपली, चहा झाला तरी सांगतच होता. मग ऍलन उठून म्हणाला, "अंकल सोलोमन इज गॅर्युलस." सगळ्या टेबलाने हात वर केले होते, सोलोमननेसुद्धा.

"मी आता नऊ वर्षांचा नाही," ऍलन म्हणाला.

"मग तर सोपं जाईल," सॅली म्हणाली. फ्रिजच्या बाजूच्या खिळ्यावरून तिने घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आंब्याच्या पेट्यांसमोर ठेवला. "उभा केलास तर घर वीक. कार्डही घे. मी गपगुमान तुझ्या ऍनेक्समध्ये येऊन बसते. नाही जमलं तर हा विषय बंद. मी जिवंत आहे तोवर बंद."

"आजी!" अयेलेत म्हणाली. "असं कोण करतं? इट्स युअर होम."

"माझं आहे म्हणूनच लावतेय."

ऍलनने किल्ल्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. फेब्रुवारीपासून रात्री फोन वाजला की त्याच्या छातीत धस्स व्हायचं, आणि हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटलं, एवढ्यावर सुटत असेल तर बरंच आहे. रोज बारा-पंधरा लोकांसमोर उभं राहून वाक्यं पटवून देणं हाच तर त्याचा धंदा होता.

"फाइन," तो म्हणाला आणि बाह्या वर केल्या. "जज कोण?"

"सोलोमन भाऊजी," सॅली म्हणाली. ते आपल्या बाजूचे नाहीत हे माहीत असून म्हणाली.

"आधी अर्थ," सोलोमनने घसा साफ केला. "मराठीत. अयेलेत, फोन खाली ठेव. डिक्शनरी बघायची नाही."

"प्रॉफ्लिगेट म्हणजे," ऍलन म्हणाला, "जो खूप पैसे खर्च करतो."

"तो खर्चिक. खर्चिक माणूस महागाचा बूट घेतो आणि दहा वर्षं वापरतो. चालणार नाही."

"ओके. जो वेस्ट करतो."

"ते अजून पुरतं नाही. दूध उतू गेलं की तेही वेस्टच."

ऍलन अडकला. बोर्डरूममध्ये त्याला शब्दाचा अर्थ कुणी मागत नसे. तिकडून आसावरी हळूच म्हणाली, "उधळ्या?"

"शाब्बास. बाईला उधळी," सोलोमन म्हणाला. "पण त्यातही बघा. हातातलं वाया जातंय हे डोळ्यांना दिसतं, तरी ज्याला फिकीर नसते, तो. आणि सवय पाहिजे. एकदा केलं तर लागू नाही. मी मॅच बघतो ना, तिथे कॉमेंटेटर बरोबर वापरतात. फॉरवर्ड गोलसमोर मोकळा आहे आणि एकदा बाहेर मारला, तर म्हणतात अनलकी. पुन्हा मारला बाहेर, पुन्हा मारला, समोर गोल मोकळा पडलाय आणि हा बाहेरच मारतोय, तेव्हा कुठे त्याला प्रॉफ्लिगेट म्हणतात. तेव्हा तीन गोष्टी लागतील. वाया गेलं पाहिजे, बेफिकिरी पाहिजे आणि सवय पाहिजे. आता कर वाक्य."

सॅली आपल्या दिराकडे बघत राहिली. हा माणूस जन्मभर नको तिथे बोलला, पण आज जे बोलला ते रूबेनच्या तोंडी शोभलं असतं.

"इझी," ऍलन म्हणाला. "मम इज प्रॉफ्लिगेट. वरती दोन बेडरूम आहेत. कोणी राहत नाही. तरी हीटिंग चालू, चादर धुतलेली, टेबलवर पाणी. सगळा विंटर. मी थर्मोस्टॅट स्वतः बघितला आहे. रिकाम्या खोल्या गरम करते. हे वेस्ट आहे, आणि सवय आहे."

"कोणाला मान्य नाही?" सोलोमनने विचारलं.

आसावरीने सुरी खाली ठेवली. "मला."

"तू घरातली नाहीस, पण टेबलावर आहेस. बोल."

"ऍलनदादा, मी गेल्या वर्षी जानेवारीत आले तेव्हा ज्यांनी फ्लॅट देतो म्हटलं होतं त्यांनी फोनच उचलला नाही." ती आधी अडखळत होती, मग तिचा नागपुरी आवाज मोकळा झाला. "हीथ्रोवर दोन बॅगा घेऊन बसली होती मी. ऑफिसमधल्या कुणीतरी नंबर दिला. सॅलीआंटी बसने आल्या मला घ्यायला. घरी आणलं तर खोली गरम, चादर घातलेली, टेबलावर पाणी. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत मी येणार? तर म्हणे, कुणीतरी येतंच. माझ्या आधी तिथे एक जोडपं होतं पुण्याचं. माझ्यानंतर एक मुलगा होता, स्टुडंट. ती खोली रिकामी नसते हो. तुम्ही येता तेव्हा आंटी रिकामी करून ठेवतात."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही राहाल म्हणून," आसावरी म्हणाली.

ऍलन दर वेळी संध्याकाळी परतत असे.

"वाक्य पडलं," सोलोमनने जाहीर केलं. "दुसरं."

सॅलीला मनातून उकळ्या फुटत होत्या, पण तिने चेहरा जागेवर ठेवला. ऍलनने खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यात थांबली. तिथे काळ्या लेदरची, बटणांची, पाय वर करणारी, पाठ चोळून देणारी भलीमोठी खुर्ची होती. तिच्यावर सगळ्यांचे कोट होते.

"मसाज चेअर," ऍलन म्हणाला.

अयेलेतने ओठ आत घेतले. ती खुर्ची सॅलीने टीव्हीवर बघून मागवली होती. दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसली तेव्हा खुर्चीने तिचं पाऊल धरलं आणि सोडेना, शेवटी प्लग काढावा लागला. तेव्हापासून तिच्यावर कोट ठेवतात.

"मान्य," सॅली म्हणाली. "ती उधळपट्टी होती. शुद्ध मूर्खपणा. एवढ्या पैशात दोन बायका येऊन पाय चेपून गेल्या असत्या."

"मम मान्य करते!" ऍलन हसला. लहानपणी जिंकताना हसायचा तसाच हसला, आणि त्याच हसण्याने सॅलीला पहिल्यांदा भीती वाटली. तिला हरायची सवय होती, पण हे घर हरायचं नव्हतं.

"एक झालं," सोलोमन म्हणाला. "पण सवय पाहिजे."

"सवय देतो, अंकल. थांबा." ऍलन आता रंगात आला होता. तो पेट्यांमधून वाट काढत टेबलाच्या टोकाला, रूबेनच्या जागी, जाऊन उभा राहिला. "मलिदा. अयेलेत डॉक्टर झाली, ओके, ते ठीक आहे. पण आसावरी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली, मलिदा. शेजारच्यांच्या मुलीला बेबी झाली, ते लोक आपले पण नाहीत, मलिदा. सोलोमन अंकलचा कॅटरॅक्ट, फक्त एक डोळा, आणि मलिदा! आणि कधी छोटं नाही. बॉक्सच्या बॉक्स. मागच्या वेळी मी स्वतः फूड वेस्टच्या डब्यात केळी टाकली, काळी झालेली. कौन्सिलचा डबा बंद होत नव्हता. तू बघत होती, मम, आणि म्हणाली, जाऊ दे. वेस्ट? येस. केअर करत नाही? येस. सवय? आपण मराठी ज्यू लंडनमध्ये उरलो किती? मूठभर. आणि ही जेवण करते लग्नाचा. मम इज प्रॉफ्लिगेट."

सोलोमनने एकेक करून तीन बोटं मिटली.

सॅली उत्तर शोधायला लागली आणि तिला ते सापडेना. केळी काळी झाली होती हे खरं होतं. जाऊ दे म्हटलं होतं हेही खरं. एवढं का करतेस असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही ते कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. उलट हे बोलायचंच नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं, कारण बोललं तर ते मुलाला लागेल. तिने किल्ल्यांकडे पाहिलं. त्या ऍलनच्या हाताच्या अंतरावर होत्या.

"आजी, से समथिंग," अयेलेत म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. आपण कोणत्या बाजूला बसलो होतो हे ती बहुधा विसरली होती.

"कोणाला मान्य नाही?" सोलोमनने विचारलं. रीत होती म्हणून विचारलं. मग तो स्वतःच उठला. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू.

"मला मान्य नाही," तो म्हणाला.

"अंकल, तुम्ही जज आहात. आणि आत्ता तुम्हीच म्हणाला, मंडई मांडली."

"म्हणालो. तेव्हा मी मूर्खासारखा बोललो, तू मला बोलतं केलंस म्हणून मला आठवलं. बस खाली. नाही, उभाच राहा, तुझी पाळी आहे." त्याने प्रार्थनेचं पुस्तक खुर्चीवर ठेवलं. "रूबेन गेल्याला वर्ष झालं तो दिवस. वहिनींनी एक ताट केलं होतं. छोटं, मी म्हणतो तसं, वाडवडिलांसारखं. कदीश म्हणजे गेलेल्याच्या नावाची प्रार्थना, तिला दहा पुरुष लागतात हे तुला माहीत आहे. नऊ आले. मी या खिडकीत उभा राहून सगळ्यांना फोन केले. एकाची शिफ्ट होती. एक म्हणाला, इलफर्डहून तिथे यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. एकाने सरळ सांगितलं की मुलं कंटाळतात. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो, ऍलन. नऊ जण. मग एकेक करून घरी गेलो. माझ्या भावाचं कदीश झालं नाही."

ऍलनचा चेहरा उतरला. तेव्हा तो सिंगापूरला कॉन्फरन्सला होता. त्याने फुलं पाठवली होती.

"तू कुठे होतास ते मी विचारत नाही," सोलोमन म्हणाला. "ज्याचं त्याचं काम असतं. वहिनी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर यांनी मलिदा काढला, आणि असा काढला की वेम्ब्लीपर्यंत वास गेला. हापूस, कोंबडी, सांदणं, पोरांना घरी न्यायला डबे. इलफर्डवाला आला. शिफ्टवाल्याने शिफ्ट बदलली. मुलं म्हणायला लागली, सॅलीआंटीकडे पुन्हा कधी? तेव्हापासून जे काही निमित्त मिळेल त्याला मलिदा. आणि तेव्हापासून रूबेनच्या प्रत्येक वर्षाच्या दिवशी या खोलीत दहा पुरुष असतात. दहा कसले, बसायला जागा नसते. गंमत म्हणजे मला वाटायचं, माझा आवाज ऐकायला येतात."

मग ऍलनच्या अगदी समोर जाऊन म्हणाला, "तुझ्या बापाचं कदीश त्या फळांवर चाललंय, बाळा. चार केळी काळी झाली असतील. पण वाया काय गेलं, ते सांग."

अयेलेत रडत होती आणि पुसतही नव्हती. आसावरीने तिच्या हातातला गुलाब काढून घेतला. ऍलन टेबलाच्या टोकाला उभा होता, दोन्ही हात लाकडावर टेकून. त्याला वाद घालता आला असता. कदीश आणि केळी यांचा संबंध नाही, आमंत्रण देऊनही माणसं बोलावता येतात, असं काहीही म्हणता आलं असतं. पण तो रूबेनच्या हाताखाली वाढला होता, आणि वाक्य खरं की खोटं हे त्याला आतून कळत होतं.

"मम, हे तू ठरवून केलं?" त्याने विचारलं.

"मग काय आपोआप झालं?" सॅली म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लपवायची तिची इच्छाही उरली नव्हती. "लाचच दिली मी. एलियाहू हन्नाबीच्या नावाने सगळ्यांना लाच दिली. तुझ्या पपाला मी त्या वर्षी कदीशवाचून राहू दिलं, पुन्हा राहू देणार नव्हते. ड्रायव्हिंग टेस्ट काय, डोळा काय, तू केस कापून आलास तरी मी मलिदा केला असता."

सोलोमन आधी हसला, मग आसावरी. ऍलन हसला नाही. तो ताठ उभा राहिला, शाळेतल्या मुलासारखे हात बाजूला घेऊन.

"वाक्य खोटं आहे," तो म्हणाला. "माझा शब्द मी परत घेतो."

"कुणाला मान्य नाही?" सोलोमनने विचारलं.

सगळे हात खाली राहिले. सॅलीने पुढे होऊन किल्ल्या उचलल्या, एप्रनच्या खिशात टाकल्या आणि खिशावरून एकदा हात फिरवला. जिंकल्यावर माणसाने नम्र व्हावं असं कुठेतरी लिहिलं असेल. तिला तसं काही व्हायचं नव्हतं. तिला अंगभर आनंद झाला होता आणि तो तिने खुशाल चेहऱ्यावर येऊ दिला. रूबेन असता तर टेबलावर हात आपटून ओरडला असता.

"मम, पण जिना," ऍलन म्हणाला. "मला भीती वाटते. रात्री फोन वाजला तर मला भीती वाटते."

एवढं साधं तो आधी बोलला असता तर किल्ल्यांपर्यंत गोष्ट गेलीच नसती, असं सॅलीच्या मनात आलं. तिने त्याच्या गालाला हात लावला, त्यावर थोडं खोबरं लागलं.

"जिन्याला कठडा बसव. दोन्ही बाजूंनी. फोन गळ्यात घालून फिरीन, रोज सकाळी तुला करीन. एवढं ऐकते. पण नॉटिंगहॅमला येत नाही. तुझ्याकडे मी आले की पाहुणी होते, ऍलन. तुझी बायको मला चहा करून देते, मी थँक यू म्हणते. इथे माणसं माझ्या दारात येतात. मला पाहुणी होऊन मरायचं नाही."

"ओके," ऍलन म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "बरं, आई."

त्याने तिला आई म्हटलं नव्हतं, किती वर्षांत कुणास ठाऊक. सॅलीने ऐकलं आणि ऐकलं नाहीसं करून सांदणांचं झाकण उघडून बघितलं, कारण डोळ्यांना वाफ लागली म्हणायला ते बरं होतं.

अयेलेत उठून मागून तिला बिलगली. "सॉरी, आजी. मी डॅडला येस म्हटलं होतं."

"डॉक्टर झालीस म्हणून अक्कल लगेच येत नाही. पाकळ्या संपव."

दाराची घंटा वाजली. सोलोमन आवाज लावून बघायला लागला, आसावरी सालं गोळा करायला धावली, आणि दार उघडायला ऍलन गेला. बाहेर इलफर्डचं कुटुंब होतं, त्यांच्यामागे आणखी कुणीतरी, आणि त्यांच्याही मागे एक गाडी पार्किंग शोधत होती.

"न विचारता आणलं हं यांना," इलफर्डवाल्या बाई दारातूनच म्हणाल्या. "आमच्या शेजारी राहायला आलेत नवीन. सहा जण आहेत. चालेल ना?"

ऍलनने पायरीवर उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली. म्हातारा, दोन मुलगे, बायका, कडेवर मूल. मोजताना त्याचे ओठ हलत होते. आत सॅलीला ते दिसलं, आणि हा आता काय बोलतो म्हणून ती दाराकडे सरकली.

"या ना, या, आत या," ऍलन म्हणाला. सगळ्यांचे कोट त्याने घेतले. मग तो लगबगीने आत आला, खुर्चीवरचा स्वतःचा कोट उचलून अंगात घालायला लागला आणि आईच्या कानाशी वाकला.

"मम, पुरणार नाही. मी हाय स्ट्रीटवर जाऊन येतो. किती आणू?"

"किती म्हणून विचारायचं नसतं," सॅली म्हणाली. "आण."